पाळणा लांबवण्याच्या गोळ्या : घ्यायच्या कशा, जपायच्या कशा



या पानांवर आम्ही बहुतेक वेळा बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे, पण शेतीइतकाच हिशोबाचा आहे. दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या आपल्या अनेक घरांत आहेत. कुणाकडे आशाताईंनी दिलेले माला-एनचे पाकीट असते, कुणी दुकानातून माला-डी आणते, कुणी अलीकडची छाया घेते. गोळी घरात आहे, पण ती घ्यायची रीत नीट कळलेली नाही, असे फार ठिकाणी दिसते. मग दिवस राहिले की दोष गोळीला लागतो. "सरकारी गोळीत काही दम नाही" असे बोल ऐकू येतात.

खरी गोष्ट आकडाच सांगतो. १०० बायांनी वर्षभर एकही गोळी न चुकवता घेतली, तर एका वर्षात एकीलाही दिवस राहण्याची शक्यता फार कमी असते. पण जगभर बाया प्रत्यक्षात जशा घेतात, म्हणजे अधूनमधून विसरत, उशिरा पाकीट सुरू करत, तशा घेतल्या तर त्याच १०० पैकी सुमारे ७ जणींना दिवस राहतात. गोळी दोन्हीकडे तीच. फरक पडतो तो नेमाचा. म्हणून नेम कसा पाळायचा, तो मोडला तर काय करायचे, आणि कुणी ही गोळी घेऊच नये, एवढे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

थोडे मागचे

संततिनियमनाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत त्यासाठी केंद्र उघडले आणि पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लोकांच्या शिव्या खात हा विषय मांडला. त्या काळी गोळी नव्हतीच. ती अमेरिकेत १९६० साली बाजारात आली. आपल्या देशाने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ सालीच सुरू केला होता. निरोध १९६० च्या दशकात आला, माला-डी आणि माला-एन १९८० च्या दशकात. माला-एन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. २०११ पासून आशाताईंनी ही साधने घरपोच देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा महिन्याच्या पाकिटाला १ रुपया असा नाममात्र दर ठेवला होता. थोडक्यात, गोळी दारापर्यंत आली आहे. तिथून पुढचे काम आपले.

गोळी काम करते कसे

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या आणि ७ तपकिरी. पांढऱ्या गोळीत स्त्रीच्या अंगात असणाऱ्या दोन संप्रेरकांसारखी औषधे असतात. ती रोज पोटात गेली की बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडावरचा चिकट स्राव घट्ट होतो आणि पुरुषबीजाला वाट मिळत नाही. तपकिरी गोळ्या लोहाच्या आहेत. त्यांनी दिवस राहणे थांबत नाही. रक्त वाढावे आणि रोज गोळी घेण्याची सवय मोडू नये म्हणून त्या दिल्या आहेत. याच सात दिवसांत बहुधा पाळी येते.

इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण सगळे नियम तिच्यावर उभे आहेत. सलग सात पांढऱ्या गोळ्या पोटात गेल्या की बीजकोश विसावतो. पुढे गोळ्या चालू असेपर्यंत तो तसाच राहतो. तपकिरी गोळ्यांच्या सात दिवसांत मात्र तो हळूहळू जागा होऊ लागतो. सातव्या दिवसानंतर लगेच पांढरी गोळी मिळाली तर पुन्हा विसावतो. पण आठवा, नववा, दहावा दिवस तसाच गेला तर स्त्रीबीज बाहेर पडू शकते. म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नवे पाकीट उशिरा सुरू करणे. मधल्या एखाद्या गोळीच्या विसरण्यापेक्षा ती चूक मोठी आहे, आणि नेमकी तीच जास्त घडते. पाकीट संपते, दुसरे घरात नसते, "आणू उद्या-परवा" म्हणता म्हणता चार दिवस निघून जातात.

घ्यायची रीत

१. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांत पहिली पांढरी गोळी घ्यावी. त्यानंतर सुरुवात केली, तर दिवस नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी आणि पहिले सात दिवस निरोध वापरावा.

२. पाकिटावरच्या बाणाप्रमाणे रोज एक गोळी, ठरल्या वेळी. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ बरी. मळमळ कमी होते आणि घरात सगळे असल्याने आठवणही राहते.

३. पांढऱ्या २१ संपल्या की दुसऱ्या दिवसापासून तपकिरी ७. तपकिरी संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट. पाळी चालू असो, संपलेली असो की आलेली नसो, एकही दिवस मोकळा सोडायचा नाही.

४. घरधनी कामासाठी नागपूर-रायपूरकडे गेलेला असला तरी गोळी चालूच ठेवायची. "ते गावी आले की घेते" ही रीत चुकीची आहे. ही गोळी संबंधाच्या दिवशी घ्यायची नसते. रोजच्या गोळ्यांचा मिळून परिणाम होतो.

५. उपासाच्या दिवशी गोळी सोडायची नाही. ती पाण्याच्या घोटाबरोबर घेता येते.

६. गोळी बाईनेच घ्यायची आहे. नवऱ्याने खाऊन काही होत नाही.

विसरली तर काय करावे

विसरणे माणसाच्या हातून होतेच. विसरले म्हणून घाबरून पाकीट फेकून देऊ नये, आणि "एवढ्याने काय होते" म्हणून तसेच रेटूही नये.

एक पांढरी गोळी विसरली : आठवल्याबरोबर घ्या. त्या दिवसाची गोळी नेहमीच्या वेळी घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी चालते. पुढे नेहमीप्रमाणे.

दोन किंवा जास्त पांढऱ्या लागोपाठ विसरल्या : आठवल्याबरोबर एक घ्या, त्या दिवसाची नेहमीच्या वेळी घ्या, आणि पुढे रोज एक चालू ठेवा. बाकी राहून गेलेल्या टाकून द्या. सगळ्या एकदम खाऊ नका, त्याने उलटी होते आणि फायदा काही नाही. पुढचे सात दिवस निरोध वापरा किंवा संबंध टाळा. सात दिवसच का, ते वर सांगितलेच आहे. बीजकोश विसावायला सलग सात गोळ्या लागतात.

ही विसर पहिल्या आठवड्यातली असेल, किंवा पाकीटच दोन-तीन दिवस उशिरा सुरू केले असेल, आणि त्या दरम्यान संबंध आला असेल, तर तातडीची गोळी घ्यावी. ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत, पण जितकी लवकर तितकी चांगली. ती आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळते. ती अडचणीच्या वेळेची आहे, रोजच्या गोळीची जागा घेणारी नाही.

ही विसर शेवटच्या सात पांढऱ्या गोळ्यांतली असेल, तर उरलेल्या पांढऱ्या संपवा, तपकिरी सात घेऊ नका, आणि लगेच दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पांढरी सुरू करा. त्या महिन्यात पाळी येणार नाही, त्यात बिघडत काही नाही.

तपकिरी गोळी विसरली : ती टाकून द्या. काळजी नाही. फक्त नवे पाकीट ठरल्या दिवशीच सुरू झाले पाहिजे.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्या. हगवण-उलट्या दोन दिवसांहून जास्त चालल्या तर गोळ्या विसरल्यासारखेच समजा आणि वरचेच नियम लावा. पावसाळ्यात हिवताप आणि पोटाचे आजार आपल्याकडे घरोघर होतात, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवावे.

आपल्याकडे गोळी कधी चुकते

आपला मुलूख धानाचा. ऊस लावणारे आपण थोडे, पण धान आणि ऊस दोन्ही सांभाळणारे बहुतेक. त्यामुळे घरच्या बाईचे वर्षही दोन्हीकडे वाटलेले असते. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या गावांत तर चैत्रात मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, आषाढात रोवणी आणि दिवाळीनंतर धानाची कापणी व उसाची तोडणी अशी कामाची रांगच असते. तेंदूपत्त्याला बाई पहाटे निघते. रोवणीत दिवसभर बांधीत वाकून ती सांजेला घरी येते ती जेवून आडवी होण्यासाठीच. गोळी चुकते ती या दिवसांत. शिवाय माहेरी जाताना, लग्नाला जाताना पाकीट घरीच राहून जाते.

यावर उपाय साधे आहेत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज खूण करावी. उसाच्या लागणीची तारीख कारखान्याकडे नोंदवायला आपण चुकत नाही, कारण तोडणीची पाळी त्या तारखेवर ठरते. तीच शिस्त इथे पाळावी. नवे पाकीट कोणत्या वाराला सुरू करायचे तो वार लिहून ठेवावा. २८ दिवस म्हणजे बरोबर चार आठवडे, त्यामुळे तो वार दर वेळी तोच येतो. मोबाईलवर रोजचा गजर लावता येतो. माहेरच्या पिशवीत कपड्यांआधी पाकीट टाकावे.

दुसरे, घरात नेहमी एक पाकीट जास्तीचे असावे. मृगाचा पाऊस लागला की नाले भरतात. जंगलातून जाणाऱ्या वाटेने सांजेनंतर कुणी निघत नाही, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली झाल्यापासून तर आपण सगळेच जास्त सावध आहोत. अशा वेळी "पाकीट संपले, आता आणा" म्हणून भागत नाही. पावसाळ्याआधीच आशाताईंकडून तीन महिन्यांची पाकिटे मागून घ्यावीत.

गोळी जपायची कशी

गोळी कोरड्या, थंड, उन्हापासून दूरच्या जागी ठेवावी. चुलीवरच्या फळीवर, पत्र्याच्या छताखालच्या पेटीत किंवा खिडकीत ठेवू नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. पावसाळ्यात ओल लागते. फ्रीजची गरज नाही. घरातल्या मधल्या खोलीतले कपाट पुरे. गोळ्या पाकिटातून आधीच काढून डबीत भरू नयेत. त्या ओल धरतात आणि कोणती पांढरी, कोणती तपकिरी, किती राहिल्या हा हिशोबही मोडतो. पाकिटावरची मुदतीची तारीख पाहूनच घ्यावे. फुटलेली, रंग बदललेली गोळी घेऊ नये.

आणि पाकीट लहान मुलांच्या हाती लागता कामा नये. तपकिरी गोळी लोहाची आहे. लहान मुलाने अशा बऱ्याच गोळ्या गिळल्या तर जिवाला धोका होऊ शकतो. तसे झाले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

इतर औषधांशी जमते का

ताप, खोकला, जंत यांच्या साध्या औषधांनी गोळीचा परिणाम कमी होत नाही. पण दोन आजारांत होतो. एक क्षयरोग. त्याच्या उपचारातले रिफॅम्पिसिन हे औषध माला गोळीचा जोर फार कमी करते. उपचार चालू असेपर्यंत आणि संपल्यावर सुमारे चार आठवडे या गोळीवर भरवसा ठेवू नये. दुसरा आजार फेफऱ्याचा. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या औषधांनीही तसेच होते. अशा बायांसाठी तांबी किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन हे मार्ग आहेत. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर "मी माला घेते" हे न लाजता सांगावे.

आणखी एक गोष्ट. गणपती, महालक्ष्मी, लग्नकार्य किंवा कामाचा खाडा पडू नये म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या ज्या गोळ्या दुकानात मिळतात, त्या पाळणा लांबवण्याच्या नव्हेत. त्या चालू असताना दिवस राहू शकतात. दोन्हींत गल्लत करू नये आणि त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कुणी घेऊ नये

माला गोळी सगळ्यांना चालत नाही. बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या आईने ती घेऊ नये. रक्तदाब वाढलेला असणारी, ३५ वर्षांवरची बिडी-सिगारेट ओढणारी, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेली, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झालेली, कावीळ किंवा यकृताचा आजार असलेली, स्तनाचा कर्करोग झालेली, आणि डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणारी, अशा बायांनी ही गोळी घेऊ नये. सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्यावा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे. ज्या बाईला प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे जिचा अहवाल एसएस आहे, तिच्या रक्तात गाठी होण्याचा धोका आधीच असतो. तिने माला स्वतःहून सुरू करू नये, डॉक्टरांकडून दुसरे साधन ठरवून घ्यावे. नुसती वाहक, म्हणजे एएस असणारी, सहसा घेऊ शकते. तरी आपले सिकलसेलचे कार्ड दाखवूनच घ्यावी.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, डोके जड होणे, मधेच थोडे डाग पडणे असे होते. ते बहुधा आपोआप थांबते. तेवढ्यासाठी गोळी सोडू नये. पण पोटरीत जोराची कळ व सूज, छातीत दुखणे, दम लागणे, अचानक असह्य डोकेदुखी, नजर अंधुक होणे, डोळे पिवळे होणे यांपैकी काही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

छाया गोळीचे नियम वेगळे

छाया ही गोळी आपल्याच देशात, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. १९९१ साली ती 'सहेली' नावाने बाजारात आली आणि २०१६ साली 'छाया' नावाने सरकारी कार्यक्रमात. तिच्यात मालासारखी संप्रेरके नसतात, त्यामुळे पाजणारी आईही ती घेऊ शकते. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी घ्यावी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे पहिली रविवारी तर दुसरी बुधवारी. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदाच, पहिल्या गोळीच्या वाराला. चुकली तर आठवल्याबरोबर घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून, तीन महिने आठवड्यातून दोनदा. या गोळीने पाळी लांबते. १५ दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करावी. मालाची रीत छायाला आणि छायाची मालाला लावू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोळीने पुढे मूल होत नाही का? होते. गोळी बंद केल्यावर बहुतेकींना थोड्याच महिन्यांत दिवस राहू शकतात. मधे "अंगाला विसावा" म्हणून गोळी बंद ठेवण्याचीही गरज नाही. त्या विसाव्यातच नको असताना दिवस राहतात.

तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत पाळी आली नाही तर? सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या असतील तर नवे पाकीट वेळेवर सुरू करावे. गोळ्या चुकल्या असतील, किंवा दोन महिने लागोपाठ पाळी आली नाही, तर आशाताईंकडच्या 'निश्चय' किटने लघवीची तपासणी करावी.

गोळीने गुप्तरोग टळतात का? नाही. त्यासाठी निरोधच.

पुरुष सभासदांना दोन शब्द

हे पत्रक घरी आले की बहुधा पुरुष मंडळीच आधी वाचतात. म्हणून सांगतो, हे बायांचे काम म्हणून पान उलटू नका. गोळी विसरली तर पुढचे सात दिवस निरोध वापरायचा आहे तो तुम्हाला. रोवणीच्या दिवसांत "आज घेतलीस का?" एवढे विचारायला काही खर्च येत नाही. तिरोड्याला, साकोलीला, गोंदियाला कामानिमित्त जाताच, तर येताना पाकीट आणण्यात कमीपणा नाही. आणि दोन मुले झाली, आता नको असे ठरले, तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी आहे, याचाही विचार व्हावा.

आपल्या शेतात तोडणीला येणाऱ्या टोळ्यांतल्या बायांचाही विचार झाला पाहिजे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाळीचा त्रास, खाडा पडला की दंड, आणि विचारायला जवळ कुणी नाही, अशा कोंडीत त्या बाया सापडल्या होत्या. आपली साखर त्यांच्याही हातून जाते. टोळी शेतात उतरली की गावच्या आशाताईंना तिचा ठिकाणा कळवावा. खोपीत राहणाऱ्या बाईची गोळी चार-सहा महिन्यांच्या हंगामात तुटू नये, आणि दुखणे असेल तर तिला वेळेवर दवाखाना मिळावा, एवढे प्रत्येक सभासदाच्या हातचे आहे.

हा लेख वाचून झाल्यावर घरातले पाकीट काढून बघावे. मुदत बघावी, किती गोळ्या उरल्या ते मोजावे आणि पुढचे पाकीट घरात आहे का ते पाहावे. नसेल तर आजच आशाताईंकडे निरोप पाठवावा. काही शंका असेल तर आपल्या उपकेंद्रातील नर्सबाईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारावे. विचारण्यात लाज नाही. न विचारता चुकल्यास त्याचा भार मात्र घरच्या बाईलाच वाहावा लागतो.